तिसऱ्या हाकेचा जैतू

जैतू पादीरला हाक मारायची तर तीनदा मारावी लागते, हे उत्तरेतल्या त्या हवाई दलाच्या तळावर खानसाम्यापासून वैमानिकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पहिल्या हाकेला तो हलायचा नाही. दुसरीला मान वळवायचा नाही. तिसरी आली की हातातलं काम सावकाश खाली ठेवून म्हणायचा, "जी सर." त्याचा वरिष्ठ वॉरंट ऑफिसर रंधावा हा सहा फुटी सरदार होता, आणि त्याला दम कमी. त्याने तिन्ही हाका एकत्रच बांधून टाकल्या होत्या. हँगरच्या दारातून तो ओरडायचा, "जैतूजैतूजैतू!" नव्याने आलेल्या पोरांना वाटायचं, या मराठी माणसाचं पूर्ण नावच तसं असणार.

सवय वाडीवरची होती. मुरबाडहून एस्टी धसईच्या बाजारापर्यंत जाते. तिथून घाटाच्या कड्याकडे तोंड करून चालत सुटलं की चाफेवाडी लागते. ठाकर आदिवासींची मोजकी घरं, वर नागलीचे उतार, खाली भाताची खाचरं, आणि खाचरांच्या खाली झाडीने झाकलेला ओहोळ. त्या ओहळात जे राहतं त्याचं नाव वाडीत कुणी घेत नाही. नुसतं 'खालचं' म्हणतात. खालच्याला माणसाचा आवाज काढता येतो, अगदी तुमच्या आईचा, बहिणीचा, पण दोनदाच. तिसऱ्यांदा त्याचा घसा बसतो. म्हणून पाठीमागून हाक आली की दोन जाऊ द्यायच्या आणि तिसरीला ओ द्यायची. जैतूचा एक चुलता तरुणपणी पहिल्याच हाकेला ओ देऊन बसला होता. तो मेला नाही, पण पुढे जन्मभर जेवताना ताटात बघून हसायचा. जैतूची आई धोंडूबाई त्याच्याकडे बोट दाखवून लहानग्या जैतूला म्हणायची, "बघ. घाई केली ना, तर असा होशील."

जैतूने घाई केली नाही. आश्रमशाळेतून दहावी झाला तेव्हा मास्तर चार पोरांना घेऊन हवाई दलाच्या भरतीला गेले होते. धावण्यात जैतू सगळ्यांच्या पुढे. पण निवडलेल्यांची नावं पुकारली तेव्हा हा मातीत बसून राहिला. पुकारणारा सार्जंट कंटाळलेला होता, तरी कोण जाणे का, त्याने तिसऱ्यांदा नाव घेतलं. नसतं घेतलं, तर जैतूने पुढची वीस वर्षं वाडीवर शेळ्या राखल्या असत्या आणि त्याचे कान शाबूत राहिले असते.

त्याला काम मिळालं विमानाच्या पोटात. गजराज म्हणायचे त्या विमानाला. रशियन बनावटीचं, चार इंजिनांचं, मालवाहू. शेपटीखालचं दार खाली सोडलं की जमिनीपर्यंत उतरण तयार व्हायची, आणि त्या उतरणीवरून जीपगाड्या, तोफा, रॉकेलची पिंपं, तांदूळ, कांदे, तंबू, जिवंत बकऱ्या, हिमालयात उभ्या असलेल्या पलटणींना जे जे लागतं ते सगळं आत जायचं. कुठलं ओझं कुठे ठेवायचं, साखळ्यांनी आणि पट्ट्यांनी ते कसं आवळायचं, हे बघणारा माणूस म्हणजे लोडमास्टर. जैतू ते झाला. विमान हवेत कितीही कलंडलं तरी आतली पिंपं सरकता कामा नयेत आणि बकऱ्यांनी एकमेकींवर पडता कामा नये, एवढीच त्याच्या धंद्याची शर्त. बकऱ्यांशी तो ठाकरीत बोलायचा. बाकी कुणाशी फारसं बोलायची वेळ येत नसे, कारण चार इंजिनं चालू झाली की आवाज दाढांमधून आत शिरायचा आणि माणसं हातांनी बोलायची. कानांवर घालायला जाड डबे मिळत. पण दोन्ही कान बंद केले की साखळी नीट चढली की नाही ते कळत नसे. म्हणून जैतू एक कान उघडा ठेवायचा. उजवा दुखायला लागला की डावा.

बराकीत परत आल्यावर कानात इंजिन चालूच राहायचं. पहिल्या वर्षांत ते रात्रीत बंद पडायचं, पुढे आठवडाभर टिकायला लागलं, आणि त्याच्याही पुढे ते कधी थांबतं की नाही हे बघायचं जैतूने सोडून दिलं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई लागली. लेहला जाताना विमान दारूगोळ्याने गच्च भरलेलं असायचं. परत येताना पेट्या असायच्या. पेटीत माणूस. या पेट्या कशा बांधायच्या याचं शिक्षण जैतूला कुणी दिलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने रंधावाला विचारलं, "सर, पट्टा कितना कसना है?"

रंधावा दुसरीकडे बघत म्हणाला, "जितना बाकी सामान का."

जैतूने तसंच बांधलं. पहिल्या पेटीपाशी त्याचे हात थांबले होते. दुसऱ्या खेपेला कमी थांबले. मग थांबेनासे झाले. एका पेटीवर कुणीतरी खडूने गावाचं नाव लिहिलं होतं आणि त्यावरून पट्टा गेल्याने ते पुसलं गेलं. जैतूने ते पाहिलं आणि पुढच्या पेटीकडे वळला. रात्री जेवताना त्याला ते आठवलं, तरी त्याने भाजी पुन्हा मागून घेतली. आपल्याला काही वाटत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. थोड्या दिवसांनी तेही लक्षात येईनासं झालं.

लढाई संपली. पेट्या संपल्या नाहीत. बर्फात माणसं मरतात, दरडीखाली मरतात, चकमकीत मरतात, आणि त्यांना घरी पोचवावं लागतं. कांदे वर जायचे, पेटी खाली यायची. एकदा मुंबईकडे येताना विमान बरंच खाली उतरलं होतं. गोल खिडकीतून जैतूला तानसा धरणाचं पाणी दिसलं, निळसर, मधूनमधून डोंगरांची बेटं. म्हणजे त्या अंगाला उंबरमाळी, तिथलं बायकोचं माहेर, आणि पलीकडे कुठेतरी आपली वाडी. शेजारच्याने खुणेने विचारलं, काय बघतोस? जैतूने खुणेनेच सांगितलं, पाणी.

दोन हजार तीनच्या सुमाराला तळावर सगळं वाढायला लागलं. नवे हँगर उभे राहिले, जुन्या बराकी पाडून नव्या बांधल्या. गजराजची भावंडं आली. ती हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजायची. मालवाहू विमानांच्या खेपा वाढल्या, माणसं कमी पडू लागली, दुसऱ्या तळांवरून बदलून आलेली पोरं गच्चीवर झोपायला लागली. आणि एक दिवस रंधावाने चहाच्या टपरीवर बातमी फोडली. आणखी विमानं येणार होती. गजराजचंच अंग, पण पाठीवर भलंमोठं गोल ताट बसवलेलं.

"उपडी काथवट," जैतू म्हणाला.

"क्या?"

"हमारे घर में, आटा मलने का. लकड़ी का."

"हाँ, वही समझ ले," रंधावा म्हणाला. त्या ताटाने म्हणे शेकडो मैलांवरचं विमान दिसणार होतं. सोबतीला लहान विमानं येणार होती, ती दुश्मनाचं बोलणं आकाशातून चोरून ऐकणार होती आणि त्याच्या यंत्रांना चकवणार होती. गोळी नाही, बाँब नाही. रंधावा आपल्या दोन्ही कानांना हात लावून म्हणाला, "आगे की लड़ाई यहाँ से होगी, पुत्तर."

जैतूला त्या लढाईचं काही नव्हतं. त्याने विचारलं, "सर, उसके पेट में क्या रहेगा?"

"मशीन. और मशीन के सामने बैठे हुए आदमी."

"सामान?"

"नहीं."

"पेटी?"

रंधावाने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "नहीं. पेटी उसमें चढ़ ही नहीं सकती. जगह ही नहीं है."

जैतूने चहा संपवला. त्या दिवसापासून त्याला ते विमान हवं होतं. इतकी वर्षं त्याने काही मागितलं नव्हतं, ना बदली, ना बढती, ना मेसमध्ये जास्तीचं दूध. आता तो येताजाता रंधावाला विचारायचा, माणसं कधी निवडणार. गजराजच्या अंगाची माहिती असलेली जुनी माणसं तिथेही लागणारच होती. दोन हजार सहा साली रंधावाने त्याचं नाव पाठवलं. जैतूची वीस वर्षांची नोकरी संपत आली होती. नव्या विमानावर जायचं तर सहा वर्षं वाढवून घ्यायची आणि त्याआधी डॉक्टरांची मोठी तपासणी पास व्हायची. रंधावा म्हणाला, "घर हो आ. बीवी को बता दे. आकर मेडिकल."

भातकापणीच्या दिवसांत तो वाडीवर आला. बायको राही, आई धोंडूबाई, आणि आश्रमशाळेत शिकणारी मुलगी रोशनी, ती सुट्टीत घरी आलेली. दुसऱ्याच दिवशी जैतू खालच्या खाचरात भारे बांधायला बसला. राही वरच्या बांधावर भाकरी घेऊन आली. त्या वाडीत बायका नवऱ्याला अरेतुरे करतात, नाव मात्र घेत नाहीत. लांबून बोलवायचं तर तोंडाला हात लावून कूऽऽ करतात. राहीने कूऽऽ केलं. थांबली. परत केलं. थांबली. तिसऱ्यांदा केलं आणि भाकरी सोडायला बसली. जैतू उठला नाही. तिने चौथ्यांदा केलं. मग खाली उतरली आणि त्याच्या पाठीत ढेकूळ मारलं.

जैतू दचकून वळला. "काय गो?"

"काय गो? चार हाका मारल्या तुला. चार! कान काय धसईच्या बाजारात इकून आलास?"

"तीन झाल्या की उठतो मी."

"चवथी पन मारली. वहळातल्या चिंबोऱ्या बाहेर आल्या आयकून. तू नाय आलास."

"वारा हाय."

राहीने शेजारच्या उभ्या भाताकडे बघितलं. एक लोंबी हलत नव्हती.  तिने भाकरी त्याच्या हातात दिली, चटणी दिली, आणि पाणी ओतायला म्हणून त्याच्या मागे गेली. मागून म्हणाली, "तुझ्या भाकरीवर मुंगळा हाय." जैतू खात राहिला. "तुझी आई वारली," राही म्हणाली. जैतूने दुसरा घास मोडला. राही पुढे येऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कवापासून?" तिने विचारलं.

तिचे ओठ समोर होते, म्हणून त्याला कळलं. "काय कवापासून?"

"मला वाटायचं तू रागावतोस," राही म्हणाली. "सुट्टीवर येतोस, पोर काय सांगाया गेली तर नुसता तिच्या तोंडाकडं बघत बसतोस. मी म्हनायची, सरकारी मानूस, परका झाला. रोशनी म्हनते, बा माझ्याशी बोलत नाय. आन् तुला आयकूच येत नाय."

"येतं थोडं थोडं."

"तिकडं ठाव हाय?"

"तिकडं समदी तीनदाच हाका मारतात. तिसरी मोठ्यानं मारतात."

राहीला आधी हसू आलं. मग आलं तसं गेलं. "बरं झालं," ती म्हणाली. "आता सोडतील तुला. ये घरी. वीस वरसं झाली. मी एकटीनं खाचरं लावली, तुझ्या आईचं केलं, पोरीचं केलं. ये आता."

जैतूने तिला नव्या विमानाचं सांगितलं. पाठीवरच्या ताटाचं सांगितलं. राही म्हणाली, "ताट आसूंदे नायतर टोपली आसूंदे. तुला काय त्याचं?"

आणि मग जैतूने, भाकरीचा तुकडा हातात तसाच, जे कधी घरी काढलं नव्हतं ते काढलं. बाजाराला काय काय नेलं ते सांगावं, तसं सांगितलं. जाताना कांदे असतात. येताना मयत असतं. मी बांधतो. बकऱ्या बांधतो तशीच बांधतो. मला काय वाटत नाय. "त्या नव्या इमानात मयत चढत नाय," तो म्हणाला. "जागाच नाय."

राहीने भाकरीचं फडकं ओढून घेतलं. खालून ओहोळाचं पाणी वाजत होतं, ते तिला ऐकू येत होतं.

"किती चढवलंस?"

"मोजलं नाय."

तिने फडकं झटकलं, घडी केली. "तपासनीत काय करतात?"

"मागं उभा राहून डागदर हळू बोलतो. आपन तेच परत बोलायचं."

"मग चल," राही म्हणाली.

त्या दिवसापासून संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी, अंगणात शिकवणी सुरू झाली. जैतू कड्याकडे तोंड करून बसायचा. राही मागे उभी राहून तोंडासमोर सूप धरायची आणि हळू बोलायची. दर वेळी सूप का, तर हा चोरून मागे बघतो म्हणून.

"भाकर."

"भाकर."

"कोंबडा."

"कोंबडा."

"सासू."

जैतू गप्प.

"सासू!"

गप्प.

"सासूऽऽ!"

ओट्यावरून धोंडूबाई म्हणाली, "मी हितंच हाय गो, मेली नाय अजून. वरडतेस कशाला?"

रोशनी हसून लोळली. धोंडूबाईला सांगितलं, आये, याला ऐकू येत नाही. ती मानेना. "त्याला समदं आयकू येतं," ती म्हणाली. "नेमाचा पक्का हाय माझा जैत्या. तीन झाल्याबिगर ओ देत नाय. तुमी पोरी आताच्या, तुमाला काय ठाव."

दहा-बारा दिवसांत जैतूची थोडी प्रगती झाली. जाड शब्द त्याला सुपाआडूनही कळायचे. बारीक शब्द तो अंदाजाने ठोकून द्यायचा आणि कधी बरोबर यायचे. एकदा राहीने सूप खाली केलं आणि विचारलं, "नापास झालास तर घरी येशील?"

"येईन."

"पास झालास तर?"

"सहा वरसं."

राहीने सूप परत तोंडासमोर धरलं. "बोल. तांदूळ."

तळावर परतल्यावर जैतूला कळलं, की नव्या विमानासाठी मागे उभं राहून हळू बोलणारा डॉक्टर नसतो. एक काचेची खोली होती. आत खुर्ची, कानांवर घालायचे डबे, हातात बटण. डॉक्टर एक तरुण बाई होती, स्क्वाड्रन लीडर. ती काचेपलीकडे यंत्रासमोर बसली. कानात शिटी वाजली की बटण दाबायचं, तिने सांगितलं. शब्द नव्हते. भाकर नव्हती, कोंबडा नव्हता. अंगणातली सगळी मेहनत दाराबाहेर राहिली.

दार लावलं तसं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत जैतूच्या डोक्यातलं इंजिन मोठं झालं. त्या इंजिनाच्या मागून, खूप लांबून, एक जाडसर घूं आला. जैतूला तो नीट ऐकू आला. त्याने बटण दाबलं नाही. पुन्हा घूं आला. अंगठा बटणावर होता. जैतू थांबला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने दाबलं. पुढचा स्वर, पुन्हा तसंच. पाठीमागून, अंधारातून, तोंड न दिसता आलेली हाक. दोन जाऊ द्यायच्या. त्याने काही ठरवून केलं नाही. अंगठा ऐकेना.

डॉक्टर यंत्राकडे बघत होती, मग जैतूकडे बघायला लागली. उठून आत आली आणि त्याच्या कानांवरचे डबे काढले. "आप हर बार तीसरी पर दबा रहे हैं," ती समोर उभी राहून म्हणाली. "पहली सुनाई नहीं देती?"

"देती है, मॅडम."

"फिर?"

जैतूने सांगितलं. ओहोळ, खालचं, दोन हाका, बसलेला घसा, ताटात बघून हसणारा चुलता. डॉक्टर हसली नाही. तिने विचारलं, "यहाँ सबको पता है?"

"सबको."

"मेडिकल में भी?"

"जी. वो भी तीन बार बोलते हैं. तीसरी बार जोर से."

डॉक्टरने डोळे मिटले आणि उघडले. मग ती हळू, समजावणीच्या सुरात म्हणाली, की इथे ओहोळ नाही, ही शिटी मीच वाजवते आहे, पहिल्यालाच दाबा. पुन्हा करू. तिने दार लावलं. या वेळी जैतूने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि पहिला घूं येताच अंगठा दाबला. त्याच्या पाठीवरून काटा सरसरत गेला. पण दाबला. पुढचा दाबला, त्याच्या पुढचा दाबला. मग स्वर बारीक होत गेले आणि एका ठिकाणी यायचेच बंद झाले. जैतू वाट बघत बसला. काचेपलीकडे डॉक्टरचं बोट यंत्रावर वर-खाली होताना त्याला दिसत होतं. ती वाजवत होती, हे त्याला दिसत होतं. त्याने दाबलं नाही. खोटं दाबता आलं असतं. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती डबे काढायला आत आली होती.

"नेम की वजह से कुछ नहीं गया," ती म्हणाली. "नेम ने बस छुपा के रखा. कान पुराने खराब हैं." नव्या विमानावर जाता येणार नव्हतं. जुन्यावरही उडता येणार नव्हतं. जमिनीवरचं काम मिळेल, माल उतरवायच्या शेडमध्ये.

"शेड में पेटी आती है," जैतू म्हणाला.

डॉक्टरला कळलं नाही. ती म्हणाली, "जी, सब सामान आता है."

बाहेर रंधावा बाकावर बसला होता. डॉक्टरने त्यालाही आत बोलावून सांगितलं. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. तो जैतूसमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्या समोर येऊन, तोंडाकडे बघून, एकदाच म्हणाला, "जैतू."

"जी सर."

"हम समझते थे, तेरी आदत है."

"आदत ही है, सर."

"ओये, बहरा हो गया तू, और मैं मज़ाक में चिल्लाता रहा."

 जैतूने विचारलं, शेडऐवजी घरी जायचं असेल तर कुणाकडे जायचं. रंधावाने हाताने दिशा दाखवली.

वीस वर्षं भरली तेव्हा जैतू वाडीवर आला. वाडीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. राहीने त्याला खाचराचा वरचा तुकडा वाटून दिला, जसं घरगड्याला द्यावं तसं, आणि हा तुझा, म्हणाली. तिला तो पाठमोरा असताना हाक मारायचं काम उरलं नाही. ढेकूळ मारायची, नाहीतर पुढे जाऊन उभी राहायची. रोशनी समोर बसून, जाड आवाज काढून बोलायला शिकली. धोंडूबाई शेवटपर्यंत मानली नाही. ती गेली तेव्हा तिने आत घरातून बोलावलं होतं म्हणे. जैतू अंगणात होता. राहीने धावत येऊन त्याला आत नेलं. तो आत गेला, आईजवळ बसला, रडला नाही. मयत बांधायला वाडीतल्या लोकांनी त्याला हात लावू दिला नाही, कारण मुलाने बांधायचं नसतं. तो बाजूला उभा राहून दुसऱ्यांच्या गाठींकडे बघत राहिला.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात ते दोघं वरच्या तुकड्यात राब भाजायच्या तयारीत होते. शेण, त्यावर झाडांचा पाला, त्यावर माती, असा थर बसवून तो जाळायचा, म्हणजे पुढे तिथे भाताची रोपं चांगली येतात. राहीच्या कमरेला रोशनीने मुरबाडहून आणलेला मोबाइल खोचलेला होता. वाडीत रेंज नव्हती, या तुकड्यात कधीमधी यायची. तो वाजला.

"हालो," राही म्हणाली. ऐकलं. हात फोनवर ठेवून जैतूच्या समोर येऊन म्हणाली, "तुझा सरदार."

जैतूने फोन घेतला नाही. फोनवर त्याला नुसती खरखर यायची. "तूच बोल," तो म्हणाला.

राहीचं हिंदी कल्याणच्या भाजीबाजारापुरतं होतं. "हां साब. हां, वो हितंच है. आयकता नाय ना, मय बोलती. बोलो." मग बराच वेळ हां, हां. मग जैतूकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत, "इमान आलं म्हनतात. आज उतरलं. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पाठीवर ताट हाय म्हनतात. लई मोठं."

जैतूने मातीचे हात धोतराला पुसले. "इचार, आत काय हाय."

"साब, पूछता है, अंदर क्या है?" ती ऐकत राहिली. "यंत्रं म्हनतात. यंत्रं आन् खुर्च्या."

"बाकी?"

"बाकी कुछ है क्या, साब?" पलीकडून मोठ्या आवाजात काहीतरी आलं, राहीने फोन कानापासून लांब धरला, मग परत लावला. "मयत नाय म्हनतात," ती म्हणाली. "तू इचारशील ते त्यांना ठाव होतं. समदं आत फिरून बघितलं म्हनतात तुझ्यासाठी. एक पट्टा पन नाय बांधायला."

"बरं," जैतू म्हणाला.

"काय सांगू त्यांना?"

जैतूने विचार केला. "सांग, बरं झालं."

"अच्छा हुआ बोलता है, साब," राही म्हणाली. पलीकडून आणखी काही बोलणं आलं, ती हां हां करत राहिली, आणि मध्येच रेंज गेली. तिने फोन कमरेला खोचला आणि जैतूकडे बघितलं. तो वाकून पाला पसरत होता. तिने काडी ओढली, वाऱ्याची दिशा बघितली आणि कोपऱ्यातून राब पेटवला. धूर जैतूच्या अंगावर गेला तशी ती पुढे गेली आणि दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं.